'गरज पडल्यास यावे' म्हणजे केव्हा?

– एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयातून घरी सोडताना जे कार्ड हाती मिळते, त्याच्या तळाशी पुढच्या तपासणीची तारीख असते आणि तिच्या शेजारी बहुधा तीन अक्षरे असतात : एस. ओ. एस. संकटात सापडलेले जहाज मदतीसाठी पाठवते तो हा संदेश नव्हे. वैद्यकाच्या भाषेत ती 'सि ओपुस सित' या लॅटिन शब्दांची आद्याक्षरे आहेत. अर्थ, 'गरज पडल्यास'. म्हणजे तारखेची वाट पाहत बसू नका, गरज पडल्यास आधी या. वाक्य अगदी सरळ आहे. परंतु गरज पडली हे ओळखायचे कोणी आणि कशावरून, हे त्या कार्डावर लिहिलेले नसते. डॉक्टर तोंडी सांगतात, नाही असे नाही. पण त्या दिवशी घरी जायची घाई असते, भाड्याची गाडी बाहेर उभी असते, बिलाचा कागद या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरत असतो. सांगितलेले निम्मे कानावरून जाते.

माझ्या मावशीचे असेच एक कार्ड आमच्या घरी आहे. ते इंग्रजीत आहे आणि घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. त्यामुळे आजूबाजूच्या तीन-चार घरांतल्या बायकाही आपापली कार्डे घेऊन माझ्याकडे येऊ लागल्या. मी कला शाखेची विद्यार्थिनी, मला शब्द वाचता येतात, शरीर वाचता येत नाही. म्हणून आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरबाईंना भेटून मी त्या तीन अक्षरांचा अर्थ सविस्तर विचारून घेतला, मिळाले ते वाचले, आणि लिहिलेला हा लेख त्यांना दाखवला. मावशीविषयी लिहिले आहे ते तिच्या परवानगीने. भारतातील स्त्रियांमध्ये आज सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग स्तनाचाच आहे. तेव्हा असे कार्ड आपल्यापैकी अनेकांच्या घरी असणार, असे समजून पुढचे लिहिले आहे.

पहिली गोष्ट ही की, शस्त्रक्रियेनंतर शरीर पुष्कळ कुरकुर करते आणि त्यातली बहुतेक निरुपद्रवी असते. टाक्यांच्या जागी दुखते, आसपासची कातडी काळीनिळी पडते, थोडी सूज येते, जखम भरताना खाज सुटते. नळी ठेवलेली असेल तर तिच्या पिशवीत पाणी जमते. आरंभी ते लालसर असते, मग गुलाबी आणि शेवटी गवताच्या काडीसारखे पिवळट होते. दिवसाला साधारण ३० मिलिलिटरच्या खाली आले की नळी बहुधा काढतात. यात घाबरण्यासारखे काही नाही. डॉक्टरबाईंनी मला एक खूण सांगितली, ती मला फार उपयोगाची वाटली. त्या म्हणाल्या, "किती दुखते हे पाहू नका, दुखणे कोणत्या दिशेने चालले आहे ते पाहा." काल होते त्यापेक्षा आज कमी, या आठवड्यापेक्षा पुढच्या आठवड्यात कमी, असा उतार लागला असेल तर वाट पाहायला हरकत नाही. जे चढत चालले आहे, किंवा जे शांत झाले होते आणि पुन्हा उठले, किंवा जे पूर्वी नव्हतेच आणि आता नव्याने आले, ते दाखवायचे. तारीख पंधरा दिवसांवर असली तरी.

पहिल्या दोन दिवसांत शस्त्रक्रियेची बाजू एकाएकी ताठरून फुगली, ठणका असह्य झाला, पिशवीत गडद रक्त भराभर येऊ लागले, तर आत रक्त साचत असण्याचा संभव असतो. यात सकाळपर्यंत थांबायचे नाही. नळी काढल्यानंतर काही दिवसांनी त्या जागी किंवा काखेत पाण्याच्या फुग्यासारखी मऊ सूज येते ती मात्र निराळी. ती अगदी सर्रास येते. कातडीखाली नुसते पिवळे पाणी साठलेले असते, लहान असेल तर आपोआप जिरते, मोठी असेल तर डॉक्टर सुईने काढून टाकतात. ती दाखवावी, पण रात्री धावत जाण्याचे कारण नाही. आणि घरी सुई टोचून पाणी काढण्याचा उद्योग कोणी करू नये. असे करणारी माणसे आहेत म्हणून लिहिते.

जखम पिकल्याची लक्षणे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतात, तरी त्यांचा अर्थ लावण्यात चूक होते. टाक्यांच्या कडेला किंचित लाली असतेच. पण ती पसरू लागली, हात लावला तर गरम लागले, पू किंवा दुर्गंधी आली, टाके उसवले, १००.४ अंशांच्या वर ताप चढला, तर त्याच दिवशी जायचे. लाली पसरते की नाही याची शंका असेल तर तिच्या कडेने बॉलपेनाने रेघ मारून ठेवावी. संध्याकाळपर्यंत लाली रेघेबाहेर गेली तर शंका उरत नाही. हा उपाय डॉक्टरही करतात. केमोथेरपी चालू असणाऱ्या बाईला ताप आला तर तो साधा ताप समजायचाच नाही. केमोने रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात आणि जंतूंना अटकाव करणारे कोणी उरत नाही. अशा वेळी घरातली तापाची गोळी देऊन 'उद्या पाहू' म्हणणे जिवावर बेतू शकते. तसेच एका पायाची पोटरी सुजून दुखणे, एकाएकी दम लागणे, छातीत कळ येणे ही जखमेची लक्षणे नव्हेत. ती पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची आणि ती फुप्फुसात गेल्याची असू शकतात. तिथे सरळ १०८ला फोन करावा.

आता ज्याची भीती विनाकारण वाटते त्याविषयी. काखेतील गाठी काढताना दंडाच्या आतल्या बाजूला संवेदना देणारी एक नस पुष्कळदा दुखावते किंवा कापली जाते. मग काख आणि दंडाची आतली बाजू बधिर होते, मुंग्या येतात, मधूनच विजेसारखी चमक जाते. काही जणींना हे महिनोन्महिने राहते, काहींची बधिरता कायमची असते. काढून टाकलेला स्तन अजून जागेवर आहे आणि खाजतो आहे, असाही भास होतो. एक आजी मला म्हणाल्या की हे आपण कोणाला सांगितलेच नाही, लोक म्हणतील बाईला वेड लागले. वेड नव्हे, ही शास्त्राला ठाऊक असलेली गोष्ट आहे. भास त्रासदायक नसेल तर उपचाराचीही गरज नसते, आणि त्रास होत असेल तर त्यावर औषधे आहेत. मात्र बधिर जागेचा एक धोका आहे. तिथे चटका कळत नाही. दुखते म्हणून गरम विटेचा किंवा तव्यावर तापवलेल्या फडक्याचा शेक दिला तर कातडी भाजली तरी बाईला पत्ता लागत नाही, आणि मग साध्या दुखण्याची जखम होते.

तसाच दुसरा चमत्कारिक वाटणारा प्रकार म्हणजे दोरी. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांत हात वर उचलला की काखेपासून कोपरापर्यंत कातडीखाली ताणलेल्या दोऱ्या दिसतात आणि हात पुढे जात नाही. क्वचित अशीच एक दोरी स्तनाच्या कातडीखाली दिसते. फ्रेंच शल्यवैद्य आंरी मोंदोर यांनी १९३९ साली तिचे वर्णन केले म्हणून तिला त्यांचे नाव आहे. दोन्ही प्रकार बहुतेक वेळा काही आठवड्यांत वा महिन्यांत जातात. काखेच्या दोरीला व्यायाम लागतो. हात दुखतो म्हणून तो झोळीत बांधून ठेवल्यासारखा धरला तर खांदाच धरतो. एकदा दाखवून खात्री करून घ्यावी आणि मग व्यायाम सोडू नये.

यापुढचा विषय हाताचा, आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहावे असे मला वाटते. काखेतील लसिका ग्रंथी काढल्या किंवा तिथे किरणोपचार झाले (आमच्याकडे त्याला 'लाईट देणे' म्हणतात), की हातातील पाण्यासारखा द्रव परत वाहून नेणारी वाट अरुंद होते. ती पुरेनाशी झाली की हात सुजतो. ही सूज लगेच येते असे नाही; काही महिन्यांनी येते, काही वर्षांनीही येते. तोपर्यंत शस्त्रक्रिया जुनी झालेली असते आणि या दोन गोष्टींचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही. माझ्या मावशीचे नेमके असेच झाले. शस्त्रक्रियेला चौदा महिने होऊन गेले होते. संक्रांतीला बांगड्या भरायला बसली तर उजव्या हाताला नेहमीचे सव्वादोनचे माप आले, डाव्याला अडीच लागले. कासारीण म्हणाली, हातात वारे भरले. मावशी म्हणाली, कापूस वेचून हात भरून आला असेल. नंतर पोलक्याची बाही दंडात रुतू लागली, तेव्हा तिने ती बाही उसवून घेतली. मी आग्रह केला तर म्हणायची, "अगं, बांगडी चढत नाही म्हणून कोणी दवाखाना गाठतं का?" डॉक्टरबाईंचे उत्तर होते, होय, गाठावा. अंगठी, बांगडी, बाही घट्ट होणे, हात जड वाटणे, बोटाने दाबले तर खळगा पडणे ही आरंभीची लक्षणे. शिंप्याच्या टेपने दोन्ही हात एकाच ठिकाणी मोजावेत. दोन सेंटिमीटरहून अधिक फरक असेल तर दाखवावे. आरंभी आलेली सूज पट्टी बांधून, हलक्या हाताने विशिष्ट दिशेने मालिश करून, व्यायामाने आणि मापाच्या घट्ट बाहीने पुष्कळ उतरते. उशीर झाला की आतले मांस कडक होते आणि मग ती उतरत नाही. मावशीची निम्म्याहून अधिक उतरली. पण आता रोज बाही घालावी लागते, आणि उन्हाळ्यात शेतात ती घालून राबणे काय असते हे तिलाच ठाऊक.

अशा हाताला जखम झाली तर ती लवकर चिघळते. बाभळीचा काटा, विळ्याचा निसटता वार, फोडणीचे उडालेले तेल, डास, कुठूनही सुरुवात होते. लगेच साबणाने धुवावे आणि हात लाल, गरम होऊन थंडीताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, प्रतिजैविके लागतात. रक्तदाब मोजणे, सुई टोचणे शक्यतो दुसऱ्या हातावर करण्यास सांगावे.

या हाताच्या दुखण्यामागे एक इतिहास आहे, तो वाचताना मला फार विशेष वाटला. अमेरिकेतील विल्यम हॉलस्टेड यांनी १८९४ साली आपली शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. तीत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील सर्व गाठी काढत. पुढे सुमारे पाऊणशे वर्षे हाच धडा गिरवला गेला, आणि सुजलेले जड हात घेऊन बायका जगल्या. जितके अधिक कापावे तितका रोग मागे राहत नाही, हा समज त्यामागे होता. त्याला अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत मिलानमध्ये उम्बेर्तो व्हेरोनेसी यांनी प्रयोगाने उत्तर दिले. रोग आरंभीच्या अवस्थेत असेल तर केवळ गाठ काढून किरणोपचार दिलेल्या स्त्रिया संपूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांइतक्याच जगतात, हे दोघांच्याही वीस वर्षांच्या पाहणीतून २००२ साली प्रसिद्ध झाले. काखेतही आता योग्य रुग्णात आधी एक-दोन 'पहारेकरी' गाठी तपासतात आणि त्या स्वच्छ असतील तर बाकीच्यांना हात लावत नाहीत. आपल्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मनात 'ऑपरेशन केले की हात जातो' अशी जी धास्ती आहे, ती खोटी नव्हती. ती त्या काळची आहे, इतकेच.

आता सर्वांत अवघड प्रश्न, शस्त्रक्रियेच्या जागी पुन्हा गाठ लागली तर? ती रोगाचीच असेल असे नाही. शस्त्रक्रियेने किंवा किरणोपचाराने आतील चरबीचा भाग मरतो आणि त्याची कडक गाठ बनते. ती निरुपद्रवी असते. टाक्याचा व्रणही जाड होतो. परंतु ही गाठ कोणती आणि ती कोणती हे बोटांनी सांगता येत नाही. बाईला येत नाही, शेजारणीला येत नाही, आणि डॉक्टरांनाही नुसत्या हाताने खात्रीने येत नाही. सोनोग्राफी, मॅमोग्राफी, वेळ पडल्यास सुईचा तुकडा काढून तपासणी करावी लागते. म्हणून 'दुखत नाही, मग काही नसेल' हा जो आपल्याकडचा हिशेब आहे तो इथे उलटा आहे. कर्करोगाची गाठ पुष्कळदा दुखतच नाही. व्रणावर किंवा छातीच्या कातडीवर उठलेले बारीक टणक दाणे, पुरळासारखी पण मलमाने न जाणारी लाली, संत्र्याच्या सालीसारखी जाड झालेली कातडी, आत ओढले गेलेले किंवा सतत खपली धरणारे बोंड, त्यातून रक्त येणे, काखेत किंवा गळ्याच्या हाडाच्या वर लागलेली गाठ, यांतले काहीही नव्याने दिसले तर काही दिवसांतच दाखवावे. किरणोपचारानंतर चार-पाच वर्षांनी किंवा त्याहून उशिरा त्या जागी मुका मार लागल्यासारखा जांभळट डाग आला आणि गेला नाही तर तोही दाखवावा. क्वचितच, पण तो एक वेगळा गंभीर रोग असू शकतो. दुसऱ्या बाजूच्या स्तनाकडेही लक्ष हवे. एका बाजूला रोग झालेल्या बाईला दुसऱ्या बाजूची जोखीम अधिक असते. आणि पाठीत किंवा हाडात आठवडेच्या आठवडे ठाण मांडून बसलेले दुखणे, न जाणारा खोकला, कारणाशिवाय उतरणारे वजन ही लक्षणे छातीपासून दूरची असली तरी तिथल्याच डॉक्टरांना सांगायची असतात. पाच वर्षे झाली म्हणजे सुटलो असे काही जण समजतात. या रोगाचे काही प्रकार दहा-पंधरा वर्षांनीही परततात. म्हणूनच पहिली तीन वर्षे साधारण तीन ते सहा महिन्यांनी, पुढची दोन वर्षे सहा ते बारा महिन्यांनी आणि त्यानंतर वर्षातून एकदा तपासणी, आणि उरलेल्या स्तनाची दरवर्षी मॅमोग्राफी, असा सर्वसाधारण क्रम ठेवतात.

आपल्या वाचक-मैत्रिणींसाठी एक वेगळी गोष्ट. आपल्या वयात स्तनात लागणारी गाठ बहुतेक वेळा फायब्रोॲडिनोमाची असते. बोटाखाली गोटीसारखी सरकते, तिचा कर्करोग नसतो. ती काढली असेल तरी नियम तेच. आणि काढल्यानंतर दुसरीकडे नवी गाठ आली तर 'मागचीच असेल' म्हणून गप्प बसू नये, तपासून घ्यावी. बंधूंनी हा परिच्छेद ओलांडून जाऊ नये. स्तनाचा कर्करोग पुरुषांनाही होतो, या रोगाच्या साधारण शंभर रुग्णांत एखादा पुरुष असतो. आणि पुरुष तर तो दाखवायला बायकांहून अधिक लाजतात.

लाजेचा विषय निघालाच म्हणून लिहिते. आपल्याकडे या अवयवासाठी बोलण्यात वापरायला शब्दच नाही. पुस्तकातला 'स्तन' तोंडावाटे निघत नाही. जे इतर शब्द आहेत ते एक तर तान्ह्या बाळाचे किंवा शिवीचे. त्यामुळे बाई 'इथं', 'अंगावर', 'छातीत' असे काहीतरी पुटपुटते, समोर पुरुष डॉक्टर असेल तर तेही नाही, आणि कागदावर नोंद होते 'छातीत दुखते' अशी. १८८३ साली श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरला, आनंदीबाई जोशी यांनी भाषणात या देशाला स्त्री-डॉक्टरांची गरज का आहे ते सांगितले होते. हा संकोच त्यांना पुरता ठाऊक होता. संकोच आपल्याच देशातला आहे असे मात्र नाही. इंग्रजी कादंबरीकार फॅनी बर्नी यांचा स्तन १८११ साली पॅरिसमध्ये भूल न देता काढण्यात आला. ती हकीकत आपल्या बहिणीला पत्रातून कळवायला त्यांना पुढचे वर्ष उजाडले. शब्दांवर हुकमत असलेल्या बाईची ही गोष्ट. (त्यानंतर त्या १८४० पर्यंत जगल्या.)

यावर डॉक्टरबाईंनी सुचवलेला उपाय साधा आहे. तोंडाने सांगता येत नसेल तर कागदावर लिहून न्यावे : कोणती बाजू, केव्हापासून, वाढते आहे का, ताप किती, शेवटची केमो कोणत्या तारखेला, कोणत्या गोळ्या चालू आहेत. टॅमॉक्सिफेनची गोळी चालू असलेल्या बाईला पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाला तर तेही त्यात लिहावे. बाईला लिहिता येत नसेल तर घरातल्या शिकणाऱ्या मुलीने किंवा मुलाने लिहावे. मोठे रुग्णालय दूर असेल तर आधी आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या नर्सबाईंना दाखवावे. कुठे आणि किती तातडीने जायचे हे त्या सांगू शकतात, आणि मोठ्या रुग्णालयाची एक फेरी म्हणजे दोन माणसांची बुडालेली रोजी असते याची त्यांना जाणीव असते. जाताना कार्ड, बायोप्सीचा कागद आणि मॅमोग्राफीच्या जुन्या फिल्म बरोबर घ्याव्यात. नवी सावली पूर्वी होती की नव्हती, हे डॉक्टरांना जुनी फिल्म शेजारी धरूनच ठरवता येते. आमच्याकडे त्या सगळ्या एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तुळईच्या खिळ्याला टांगल्या आहेत, पावसाचे पाणी तिथपर्यंत येत नाही.